लोखंडाच्या खाली काय आहे

अनसेल्मो दिमालांताला कुणी भित्रा म्हटलं की राग येत असे. आपण सावध आहोत, असं त्याचं म्हणणं. भित्र्या माणसाकडे कारणं नसतात, सावध माणसाकडे असतात, आणि अनसेल्मोकडे तर कारणांची फळीभर पुस्तकं होती. जाडजूड, पिवळ्या पानांची. मुखपृष्ठावर हमखास एक कवटी, एक नकाशा आणि पळणारी दोन माणसं. आत पहिल्याच पानावर बारीक अक्षरांत छापलेलं असे, की या कादंबरीतले बोगदे, दस्तऐवज आणि गुप्त संघटना खऱ्या आहेत. बाकी कादंबरीत लेखकाने काय वाटेल त्या थापा माराव्यात, पण बारीक अक्षरांत छापलेलं खोटं असूच शकत नाही, हा अनसेल्मोचा सिद्धान्त होता. उभा जन्म पाणीपुरवठा कचेरीत हेडक्लार्की केलेल्या माणसाला बारीक अक्षरांबद्दल एवढा आदर वाटणारच.

कचेरीतून आला, कॉफी झाली, की उजेड असेपर्यंत तो ओट्यावरच्या बांबूच्या बाकावर बसून मोठ्याने वाचत असे. श्रोता एकच, सासू. नानाय सेपाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण कान असे तिखट, की शेजारणीच्या तव्यावर मासा उलटला की कुठला मासा ते ही इथून सांगणार. कादंबऱ्यांची तिला मनापासून गोडी. फक्त तक्रारी दोन होत्या.

"ही माणसं जेवतात कधी रे?" ती विचारायची.

"नानाय, त्यांच्या मागे मारेकरी लागलेत."

"मग? मारेकरी तरी जेवत असतील ना?"

ही पहिली. दुसरी अशी, की गोष्टीत युद्ध आलं की ती हात वर करायची. "ते वगळ. सोन्याचं वाच." सासूला युद्धाची भीती वाटते, असा अनसेल्मोने अर्थ काढला होता. घरात आपल्याखेरीज आणखी कुणीतरी सावध आहे याचं त्याला बरं वाटे. तो पानं उलटून सोन्याकडे जाई आणि अंगावर काटा येण्याजोगा भाग आला, की मधेच उठून स्वयंपाकघराच्या दाराची कडी लावलीय का ते बघून येई.

सध्याचं पुस्तक तर घरचंच होतं म्हणायचं. माघार घेणाऱ्या जपानी फौजेने बोटी भरभरून आणलेलं सोनं आमच्याच लुझोन बेटावरच्या खेड्यापाड्यांत पुरून ठेवलं, आणि एक तोतरा इतिहासकार ते शोधतोय. पुरण्याची पद्धत लेखकाने खुलासेवार दिली होती. आधी कोळशाचा थर. त्याखाली आडवेतिडवे बांबू. त्याखाली फुटकी चिनीमाती. त्याखाली लोखंड. आणि लोखंडाच्या खाली... तिथून पुढची पानं वाळवीने खाल्ली होती. सोनं होतं, सुरुंग होता की विषारी वायू होता, हे ती वाळवी जाणे.

अशातच दिमालांतांच्या संडासाची टाकी तडकली.

एरवी ही काही गावभर करण्याजोगी बातमी नव्हे. पण गावाच्या संताचा, सान इसिद्रोचा, उत्सव तोंडावर आला होता आणि उत्सवाच्याच दिवशी, शुभ म्हणून, मुलाकडची माणसं लिगायाला मागणी घालायला येणार होती. येताना स्वयंपाक रांधून आणायचा त्यांनी, बसवायचं आपण, आणि संध्याकाळपर्यंत खाणंपिणं चालायचं. नेनिताने, म्हणजे अनसेल्मोच्या बायकोने, परिस्थिती थोडक्यात मांडली.

"सेल्मो, एकुलती एक मुलगी आहे. विहीणबाई दुपारी हळूच माझ्या कानाशी येऊन विचारतील. तेव्हा मी त्यांना कुठे नेऊ?"

"आलिंग पासिंगकडे..."

"मागणीच्या दिवशी? शेजारणीच्या संडासात? त्यापेक्षा मी आजच लिगायाला मठात घालते."

नवी टाकी खणायचं ठरलं. जागा परसात, आंब्याच्या आणि न्हाणीच्या मधे. तोवर घरातल्या सगळ्यांनी कुंपण ओलांडून आलिंग पासिंगकडे जायचं. ती बाई मनाने चांगली, पण दाराची किल्ली देण्याआधी चौकशी करायची. घरात सगळे बरे ना, खायला काय केलं होतं, काल पण फार वेळ लागला. हेडक्लार्क माणसाला हातात बादली घेऊन हे ऐकून घ्यावं लागे.

इग्मे गवंडी खणायला लागला. पहिल्या दिवशी कंबरेइतकं खणून झालं आणि तो हाका मारत आला. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मांग म्हणतात आणि बाईला आलिंग. "मांग सेल्मो, खाली काळं लागलंय."

अनसेल्मो वाकून बघायला गेला. मातीत हातभर लांब, काळाकुट्ट, एकसारखा पट्टा होता. कोळसा.

ही गोष्ट कुणाकडे बोलायची नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं आणि म्हणून फक्त मांग दोमेंगला सांगितली. मांग दोमेंग निवृत्त पोलीस, तोंडाचा घट्ट. शिवाय गुप्तधनाचा जाणकार, म्हणजे आयुष्यात तीन डोंगर पोखरून त्याला एक हेल्मेट आणि दमा एवढं मिळालं होतं. तो घट्ट तोंडाचा असल्यामुळे बातमी गावात पोचायला जेवणवेळ झाली.

आमच्या भागात माणूस कंबरेच्या खाली खणायला लागला, की तो टाकी खणतोय यावर कुणाचा म्हणून विश्वास बसत नाही. प्रत्येकाचा एक मेहुणा असतो, आणि त्या मेहुण्याच्या ओळखीत कुणीतरी असं खणता खणता रातोरात मनिलाला राहायला गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी परसात खुर्च्या आल्या. सल्ले आले. खड्ड्यात उतरण्याआधी जमिनीत राहणाऱ्या बुटक्या भुतांची परवानगी माग. चारी कोपऱ्यांत मीठ टाक. मीठ नको, ते चिडतात, पांढरा कोंबडा दे. कोंबडा दे, पण नंतर आम्हाला बोलव.

"अहो, ही संडासाची टाकी आहे!" अनसेल्मो कळवळून सांगे.

"हो, हो," माणसं डोळे मिचकावत म्हणत. "आमच्या मेहुण्याचीपण टाकीच होती."

दुपारी बांबू लागले. आडवेतिडवे, अर्धवट जळालेले. अनसेल्मोने घरात जाऊन पुस्तक उघडलं, पान पुन्हा वाचलं, पुस्तक मिटलं आणि कडी बघून आला. मग पुढच्या दाराचीही बघून आला. इतकी वर्षं आपण ज्याला घाबरून कड्या लावत होतो ते बाहेरून येणार नसून परसात, न्हाणीशेजारी, जमिनीखाली वाट बघत बसलंय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याच्या पाचावर धारण बसली. पहिल्या पानावरची बारीक अक्षरं खरी होती.

"नानाय," त्याने सासूला विचारलं, "इथे पूर्वी काय होतं?"

नानाय सेपा ओट्यावर माळ ओढत होती. "पूर्वी म्हणजे कधी?"

"युद्धात."

"वगळ," ती म्हणाली, आणि माळ पहिल्यापासून सुरू केली.

तिसऱ्या दिवशी गावची मुखिया कपिताना रेमेदियोस छत्री घेऊन आली. खड्ड्याभोवती एक फेरी मारून तिने खुर्ची घेतली. "सेल्मो, अडचण अशी आहे. टाकीची परवानगी मी देते. पण टाकी आहे असं मला वाटत नाही."

"कपिताना, देवाशपथ टाकीच आहे."

"मग गुप्तधनाची परवानगी मनिलाहून आणावी लागेल. तिथे विचारतील, धन आहे याचा पुरावा काय. पुरावा खणल्याशिवाय मिळत नाही, आणि परवानगीशिवाय खणता येत नाही."

"मला धन नको आहे! मला संडास हवा आहे!"

हे तो जरा जास्तच मोठ्याने बोलला. कुंपणापलीकडून आलिंग पासिंगने ताबडतोब किल्ली खुळखुळवून दाखवली. जमलेली माणसं हसली आणि अनसेल्मोचे कान लाल झाले. शेवटी कपितानाने परवानगी दिली, ती टाकीची, पण तोंडी. आणि जाता जाता गावाच्या सभागृहाला छप्पर नाही, एवढी आठवण करून दिली.

दुपारी इग्मेची कुदळ खणखणली आणि निळ्या काठाच्या बशीचा तुकडा वर आला. मग वाडग्याचा. मग मूठभर. फुटकी चिनीमाती.

आता मात्र परसातली चेष्टा थांबली. मांग दोमेंगने पुस्तक मागून घेतलं, पान वाचलं, आणि लोखंडाच्या खाली बॉम्ब असणार असं जाहीर केलं. विमानातून टाकतात तसला, उभा. "माझ्या मते आंबा जाईल, न्हाणी जाईल, आणि पासिंगचा संडाससुद्धा जाईल." त्या घटकेपासून आलिंग पासिंग सगळ्यांच्या आधी किल्ली पुढे करायला लागली, आणि तिने चौकशी करायची सोडली. इग्मेने फावडं धुतलं, खांद्यावर टाकलं आणि काखा वर केल्या. "मांग सेल्मो, मला बायको आहे."

"मलाही आहे, इग्मे."

"तुमची तुम्हाला ओरडते. माझी नुसती रडते." आणि तो गेला.

गल्लीत एक काळ्या काचांची व्हॅन येऊन थांबली आणि पुढे गेली, तीही दोनदा. कादंबऱ्यांतून अशी व्हॅन कुणाची असते हे अनसेल्मोला वेगळं सांगायला नको होतं. त्याने नेनिताला सुचवलं, की मागणी पुढे ढकलू, खड्डा बुजवू, आणि काही दिवस सगळेच तिच्या भावाकडे जाऊ.

नेनिता उत्सवासाठी दारावर तांदळाच्या रंगीत पापड्यांचे झुंबर टांगत होती. ती शिडीवरून खाली उतरली. नेहमीसारखी ओरडली नाही, याचीच त्याला जास्त भीती वाटली. "सेल्मो, पोरीने त्या घरात तुझी काय ओळख करून दिलीय ठाऊक आहे? माझे वडील फार वाचतात. त्यांना सगळ्यातलं कळतं. आता तिने काय सांगायचं? पुस्तक वाचून बाबा पळाले?"

दाराआड लिगाया उभी होती. ती नुसती बापाकडे बघत राहिली. अनसेल्मोने फावडं उचललं.

उत्सवाच्या सकाळी मिरवणूक गेल्यावर तो खड्ड्यात उतरला. अंगात कचेरीची पॅन्ट, डोक्यावर मांग दोमेंगचं जपानी हेल्मेट, खिशात सान इसिद्रोची तसबीर. वर सगळं गाव, जेवायच्या बशा हातात घेऊनच. टाकीला आणखी हातभर खोली हवी होती. तो इतक्या हळू खणत होता, की मांग दोमेंग म्हणाला, "अरे, माती उकरतोयस की तिची मालिश करतोयस?" घामाने चष्मा घसरत होता. कोळसा, बांबू, चिनीमाती, असं तो मनात पुटपुटत होता, आणि पुढचा शब्द मनातसुद्धा येऊ देत नव्हता.

फावडं लागलं. ठण्ण असा आवाज झाला, घुमला, आणि पायांतून वर आला.

वर एकच गिल्ला झाला. खुर्च्या उलटल्या, शेवया सांडल्या, कुणी सान इसिद्रोला हाक मारली तर कुणी आईला. पळता पळता मांग दोमेंगचा पाय शिडीत अडकला आणि तो शिडीसकट गेला. बघता बघता खड्ड्याच्या तोंडाशी नुसतं आभाळ उरलं. अनसेल्मो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. भिंत त्याच्या डोक्यापेक्षा उंच होती. आणि पायाखाली, मातीतून डोकावणारी, लोखंडाची गोल, गंजलेली पाठ.

त्याला तोतऱ्या इतिहासकाराचा राग आला. त्या माणसाला प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी दोर टाकत असे. आपण मरणार, तेही संडासाच्या खड्ड्यात, आणि लिगाया हे आयुष्यभर कुणाला सांगू शकणार नाही. एवढ्या विचाराने त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

वर काठी टेकल्याचा आवाज झाला.

"सेल्मो," नानाय सेपाचा आवाज आला. "पुन्हा वाजव."

"नानाय, मागे व्हा! बॉम्ब आहे!"

"बॉम्बचा आवाज मला ठाऊक आहे. तू वाजव."

सासूच्या आवाजात असं काही होतं, की त्याने डोळे मिटून फावड्याच्या टोकाने हलकेच टिचकी दिली. ठण्ण.

नानाय काठावर खाली बसली. तिचे पाय खड्ड्यात लोंबकळायला लागले. "ही आमची कढई आहे," ती म्हणाली. "एका कडेला चीर गेलेली. म्हणून असा फाटका आवाज येतो. आईने पालथी घातली होती."

"कशावर?"

"उचल."

कढई मातीतून सुटता सुटेना, मग एकदम सुटली. खाली एक मोठा रांजण होता, गळ्यापर्यंत पुरलेला. आत काळं काहीतरी. अनसेल्मोने हात घातला. दाणे होते. कोळशासारखे काळे, हलके, पण दाणे.

"तांदूळ आहे, नानाय."

"असणारच," नानाय म्हणाली. तिने हात खाली केला. त्याने टाचा उंच करून मूठभर दाणे तिच्या तळव्यावर ठेवले. "इथे आमचं घर होतं. वरचा कोळसा म्हणजे छप्पर आणि खांब. बांबू घरातल्या जमिनीचे. बशा आईच्या लग्नातल्या. सैनिक येताहेत असं कळलं तेव्हा तिने चुलीखाली हा रांजण पुरला. मला म्हणाली, सेपा, कुणाला सांगायचं नाही. आपण परत आलो की खाऊ. मग आम्ही डोंगरात गेलो."

"आणि परत आलात तेव्हा?"

"मी आले. एकटी." ती दाणे बोटांनी चाचपत होती. "घर नव्हतं, चूल नव्हती, काही म्हणता काही नव्हतं. कुठे खणायचं कळेना. डोंगरात पाला शिजवून खाल्ला आम्ही, सेल्मो. आई तिचा वाटासुद्धा मला द्यायची. आणि हा इथे होता."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत..."

"तिने सांगू नको म्हटलं होतं. आता सांग, असं म्हणायला ती राहिलीच नाही. आणि मला भीती वाटायची. खणलं आणि काहीच निघालं नाही तर? न खणता तो होता तरी."

अनसेल्मोने हेल्मेट काढून खाली ठेवलं. तो हात वर करून सासूच्या पायाला धरून उभा राहिला.

तेवढ्यात गल्लीत ती काळ्या काचांची व्हॅन येऊन थांबली. तिच्यातून केळीच्या पानांत गुंडाळलेलं अख्खं भाजलेलं डुक्कर उतरलं, आणि पाठोपाठ मुलाचे आईवडील. काल येऊन ती माणसं घर हुडकत होती. आज घर सापडलं, पण यजमान कुठे दिसेनात, सगळी गल्ली गटारात पालथी पडलेली. "उत्सवाची इकडची काही रीत असेल," व्याही बायकोच्या कानात म्हणाले, आणि बिचारे स्वतःही खाली वाकले.

पुढे शिडी आली, अनसेल्मो वर आला, आणि चिखलाने माखलेल्या हातांनी त्याने व्याह्यांचे हात हातात घेतले. खड्डा कसला, असं त्यांनी विचारलं. नेनिताने श्वास रोखला. अनसेल्मोने सगळं सांगितलं, टाकीपासून तांदळापर्यंत, आणि आपण किती भ्यालो तेही सांगितलं. विहीणबाई उठल्या, नानायच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिच्या मुठीतल्या दाण्यांकडे बघत म्हणाल्या, "आमच्याही गावात असंच झालं होतं." मग बऱ्याच वेळाने त्या हळूच नेनिताच्या कानाशी आल्या. आलिंग पासिंगने किल्ली दिली आणि एक अक्षरही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत लिगायाचं लग्न ठरलं.

इग्मे परत आला. नानायला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बांध तिथेच टाकी. आई असती तर म्हणाली असती, खणलंय तर वाया कशाला घालवता." रांजण मात्र तिने ओट्यावर आणवला, बाकाशेजारी.

पुढच्याच आठवड्यात अनसेल्मो कॉफी पिऊन वाचायला बसला. सवयीने युद्धाची पानं त्याने उलटली.

"आज वगळू नको," नानाय म्हणाली.

त्याने मागे जाऊन वाचलं, "सैनिकांनी गाव पेटवून दिलं आणि गावकरी डोंगरात निघून गेले. पन्नास वर्षांनी इतिहासकाराला तिथे कोळशाचा थर सापडला."

"थांब. या दोन वाक्यांच्या मधे काय आहे?"

"काही नाही, नानाय. पूर्णविराम आहे."

"मधे आम्ही आहोत," ती म्हणाली. तिने हात रांजणाच्या काठावर ठेवला आणि डोंगरातल्या पहिल्या संध्याकाळपासून सांगायला लागली.

अनसेल्मोने पुस्तक मिटलं. कुठल्याही कादंबरीने वाटली नव्हती अशी भीती त्याला वाटत होती, आणि उजेड जात चालला होता. पण कडी बघायला तो उठला नाही.